सहावा पट्टा

रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली तेव्हा मिस्टर शब्दकोडं सोडवत बसले होते. म्हणजे मिस्टर पुटपुटत होते आणि बाई स्वयंपाकघरातून उत्तरं देत होत्या. सातव्या उत्तराला मिस्टरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि ते दार उघडायला उठले. तेवढं तरी काम त्यांच्याकडे उरलं होतं.

बाईंनी बावीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले होते. खोटी आग, खोटी चोरी आणि खोटं आजारपण त्यांना दारातूनच ओळखू यायचं. नोकरी सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खासगी तपासाचं काम सुरू केलं आणि पाच वर्षांत त्यांचं नाव सगळीकडे झालं. मिस्टर सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि बाईंची बॅग धरून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. लोक त्यांना 'बाईंचे मिस्टर' म्हणत. सुरुवातीला मिस्टरांना त्यात गंमत वाटायची. आता नुसतं ऐकलं तरी पोटात दुखायचं.

दारात चाळिशी उलटलेली एक कामकरी स्त्री उभी होती. नखांच्या कडांना सिमेंट, डोळे रात्र-रात्र न झोपल्यासारखे.

"तपासवाल्या बाई इथंच राहतात ना? तुम्ही त्यांचे मिस्टर?"

"हो," मिस्टर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती कोबेवाली होती. घराभोवती सिमेंटचा कोबा घालण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. तिनं घातलेल्या कोब्यावर पाणी साचत नाही आणि भेग पडत नाही, असं लोक सांगत. खुर्चीच्या टोकावर बसून ती सरळ मुद्द्यावर आली.

"दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या घराभोवती कोबा घातला. आठ पट्टे. सात दगडासारखे झाले. सहावा अजून मऊ आहे."

"घातला कधी?" बाईंनी विचारलं.

"बुधवारी. आज चौथा दिवस. कोबा दुसऱ्या दिवशी चालण्याजोगा होतो, बाई. काल संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई मागच्या बाजूला गेल्या आणि घोट्यापर्यंत रुतल्या. पडल्या, गुडघा फुटला. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, मी सिमेंट खाल्लं."

"खाल्लंत?"

"माझ्या हातून एक घमेलंसुद्धा कमी पडलेलं नाही." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "उद्या अकराला दवाखान्याच्या आवाराचं काम कुणाला द्यायचं ते ठरणार आहे. तिथं सगळं डॉक्टरीणबाईंच्या हातात. हे घर म्हणजे माझी परीक्षाच होती. आयुष्यभर लोकांच्या घरांभोवती गुडघ्यांवर फिरले. एकदा मोठ्या आवारात काम करायचंय. स्ट्रेचरवरच्या माणसाला हिसका बसता कामा नये, असा कोबा घालायचाय. उद्यापर्यंत खरं कळलं नाही तर माझं नाव गेलं."

"आठही पट्टे एका दिवसात घातलेत?"

"नाही. एक सोडून एक. सोमवारी पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. ते घट्ट झाले की बुधवारी मधले चार. तसं केलं की सांधे नीट बसतात, आणि आपल्यालाही उभं राहायला जागा मिळते. बुधवारी सकाळी दुसरा आणि चौथा, जेवणानंतर सहावा आणि मग आठवा."

"हाताखाली कोण?"

"आमचे हे. मिक्सर तेच चालवतात, मी फळीनं सपाट करते आणि थापीनं ठोकते. दोघंच असतो आम्ही. गुरुवारी सहावा मऊ दिसला तेव्हा हेच मला धीर देत होते. उद्यापर्यंत होईल म्हणाले, मी सांगतो ना! शुक्रवारीही झाला नाही, तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला."

बाईंनी चष्मा पुसला. मिस्टरांना ती खूण ठाऊक होती. बाईंना काहीतरी दिसलं होतं, आणि त्यांना स्वतःला नेहमीप्रमाणे काहीच दिसलं नव्हतं.

*

डॉक्टरीणबाईंचं घर बैठं आणि नीटनेटकं होतं. फाटकापासून पहिला पट्टा सुरू व्हायचा आणि घराला वळसा घालून आठवा पुन्हा फाटकाशी यायचा. कोबा इतका सफाईदार होता की मिस्टरांना चपला काढाव्याशा वाटल्या.

सहावा पट्टा मागच्या बाजूला होता. एका अंगाला घराची बिनखिडकीची भिंत, दुसऱ्या अंगाला कुंपण आणि पलीकडे शेजारणीचा भाजीचा वाफा. वर ओलं गोणपाट टाकलेलं. मधोमध सासूबाईंच्या पावलाचा खड्डा.

"इथं कोण येतं एरवी?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उंच, करड्या आवाजाच्या आणि आज फारच रागावलेल्या. "मांजर हरवलं म्हणून सासूबाई शोधायला गेल्या. नाहीतर महिनाभर हे कुणाला कळलंही नसतं. म्हणूनच हा पट्टा निवडला असणार. मागं कोण बघतंय, चोरा सिमेंट!"

कोबेवाली खाली मान घालून उभी राहिली.

बाईंनी खाली बसून बोटभर कोबा उचलला आणि तळहातावर फिरवला. पिठाचा गोळा व्हावा तसा गोळा झाला. मग त्यांनी सातव्या पट्ट्याची कड किल्लीनं खरवडली. किल्लीच झिजली.

मिस्टर तोवर कुंपणाला टेकून ऐटीत उभे होते. अचानक ते ओरडले आणि एका पायावर नाचू लागले. पायजम्यात मुंग्या शिरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना त्या रागातही हसू फुटलं.

"इकडं या आणि पायजमा झटका," बाई म्हणाल्या आणि कुंपणाच्या बुडाशी थोडा वेळ बघत राहिल्या.

बायकोसमोर आणि तिच्या अशिलासमोर पायजमा झटकताना मिस्टरांच्या मनात आलं, मुंग्यांनाही बरोबर आपणच सापडतो.

*

डॉक्टरीणबाईंचा दीर ओसरीत आरामात बसला होता. त्याचं पेव्हर ब्लॉकचं दुकान होतं. गुळगुळीत दाढी आणि तोंडावर कायम एक दुखावल्याचा भाव.

"घरचा माल सोडून वहिनीनं बाहेरचीला काम दिलं," तो म्हणाला. "माझे ब्लॉक काय वाईट होते? बसवा, पटलं नाही तर उचला. कोब्याचं तसं नसतं. बिघडला की फोडायचाच."

"वाईट वाटलं असेल."

"वाटणारच! दवाखान्याच्या कामालाही माझा भाव दिलाय मी. पण लोक काय, कोबेवालीची थापी आणि कोबेवालीचा हात, यातच गुंग. नुसतं ऐकलं तरी अंगाचा तिळपापड होतो."

"बुधवारी इथं आला होतात?"

"जेवायला आलो होतो. वहिनीकडं."

"पिंपाजवळ गेला होतात? पाण्याच्या?"

"त्या नळावर हात धुतले. पिंप तिथंच असतं. हे दोघं पुढं झाडाखाली जेवत होते. मग मी निघालो. दोनला दुकानात गिऱ्हाईक येणार होतं."

"सव्वादोनला मी दुकानात फोन केला तेव्हा यांनीच उचलला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हापासून पाचपर्यंत ते दुकानातच होते. दवाखान्यासाठी मी पाठवलेला माणूस तोवर तिथंच ब्लॉकचे नमुने बघत होता."

बाहेर आल्यावर मिस्टरांनी बाईंचा दंड धरला. "हाच तो! पिंपाजवळ गेला, हात धुतले, काहीतरी टाकलं. केस संपली!"

"काय टाकलं?"

"ते तू शोध."

"आणि आठवा पट्टा का बिघडला नाही? त्यालाही त्याच पिंपातलं पाणी होतं."

मिस्टरांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

शेजारीण कुंपणापाशीच उभी होती. बोलावण्याची वाट बघत असावी, कारण विचारायच्या आधीच ती सुरू झाली.

"मी काही केलेलं नाही. पण खरं सांगू? माझ्या डोळ्यांत खुपत होतं ते. त्यांच्याकडं चकचकीत कोबा, आमच्याकडं चिखल. आमच्या घरच्यांना सांगून सांगून थकले मी. तरी माणुसकी म्हणून बुधवारी तीन वाजता त्या दोघांना चहा दिला. आणि त्याची परतफेड काय? माझ्या वाफ्यात पाण्याचा लोंढा!"

"कधी?"

"कप परत आले आणि पाचच मिनिटांत. साडेतीन झाले असतील. कुंपणाखालून भसकन पाणी आलं. बादलीभर नाही हो, अर्धं पिंप तरी ओतलं असेल. माझी कोथिंबीर बुडाली. तेव्हापासून मुंग्यांनी उच्छाद मांडलाय तो वेगळाच."

"कुणी ओतलं ते दिसलं?"

"कुंपणावरून दिसायला मी काय जिराफ आहे? मिक्सरचा आवाज बंद होता एवढं आठवतंय. आणि ती कोबेवाली थापीनं ठाकठोक करत होती, ती ऐकू येत होती."

*

कोबेवालीचं घर दोन खोल्यांचं होतं. बाहेर एका पोत्याचा छोटा मिक्सर धुवूनपुसून ठेवलेला. आत भिंतीवर तिचे फोटो. हार घातलेली कोबेवाली, कुणाशी तरी हात मिळवणारी कोबेवाली, वर्तमानपत्रातलं कात्रण. एका फोटोच्या कडेला कुणाचा तरी खांदा आणि अर्धा कान आला होता. मिस्टरांनी नीट पाहिलं. तो खांदा समोरच्या खाटेवर बसलेल्या तिच्या नवऱ्याचा होता.

मिस्टरांच्या घरीही असा एक फोटो होता. त्यात त्यांचं कोपर आलं होतं.

नवरा रुंद आणि मितभाषी होता. हातांना काम नसलं की काय करावं न सुचणाऱ्यांपैकी.

"या धंद्यात आधी कोण आलं?" बाईंनी विचारलं.

"मी," तो म्हणाला. "मीच हिला थापी धरायला शिकवली. त्याआधी दहा वर्षं काँक्रीटच्या मोठ्या ट्रकवर होतो. वर ड्रम फिरतो ना, तो ट्रक." त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "एकदा घाटात पाच तास गाडी अडकली. आत भरलेला माल. दुसऱ्या कुणाचा असता तर ड्रममध्येच दगड झाला असता, ड्रम फोडायला लागला असता. मी तो वाचवला. मालकानं पाठ थोपटली होती."

"शाबास," बाई म्हणाल्या. "आणि बुधवारी? नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं?"

"काही नाही."

"पाणी?"

"पिंपातलं. संपलं की भरायचं. थेंब वाया घालवत नाही मी."

कोबेवाली आतून चहा घेऊन आली. "बिनसाखरेचा आहे, राग मानू नका. साखर संपलीय. मंगळवारीच पिशवी आणली होती असं वाटतं, पण माझं डोकं चार दिवस ठिकाणावर नाही."

मिस्टरांनी एक घोट घेतला आणि कडू तोंड केलं. दिवसच असा चालला होता. बाईंनी मात्र तो चहा कप तिरपा करून शेवटपर्यंत प्यायला.

"पाच वाजता दोघंही डॉक्टरीणबाईंकडं या," त्या म्हणाल्या.

*

पाच वाजता सहाव्या पट्ट्याभोवती सगळे जमले. डॉक्टरीणबाई, दीर, कोबेवाली आणि तिचा नवरा. शेजारीण कुंपणापलीकडे स्टुलावर चढली होती. ती आता उघड-उघड बघत होती.

बाईंनी सकाळचा गोळा कागदातून काढला.

"पहिली गोष्ट. सिमेंट कुणी खाल्लं नाही. सिमेंट कमी पडलं तर कोबा घट्ट होतो, पण हातानं खरवडला की भुगा पडतो. हा भुगा होत नाही. हा मऊ आहे, चिकट आहे, म्हणजे सिमेंट भरपूर आहे. त्याला घट्ट व्हायला कुणीतरी अडवलंय."

डॉक्टरीणबाईंनी कोबेवालीकडं पाहिलं आणि नजर वळवली.

"कशानं? ते मुंग्यांनी सांगितलं. आमच्या मिस्टरांना चावल्या त्या मुंग्या बुधवारनंतरच इथं आल्या. शेजारणीच्या वाफ्यात पिंपातलं पाणी ओतलं, तेव्हापासून. त्या पाण्यात साखर होती. सिमेंटला साखर सोसत नाही. मूठभर पडली तरी ते घट्ट व्हायचं विसरतं. घरं बांधणारे बहुतेक जण हे जाणत नाहीत, कारण त्यांना त्याची गरजच पडत नाही."

"पाहिलंत!" शेजारीण वरून म्हणाली. "आणि चहाचा आळ माझ्यावर येणार होता!"

"येत होता. पिंपाजवळ तिघं जाऊ शकत होते. दीर जेवणाच्या वेळी गेले. तुम्ही चहा घेऊन आलात. आणि काम करणारे तर तिथंच होते. पण मला साखर कुणी टाकली यापेक्षा पाणी कुणी ओतलं हे महत्त्वाचं वाटलं. सहावा पट्टा भरून झाल्यावर, आठव्याचा माल कालवायच्या आधी, अर्धं पिंप रिकामं केलं गेलं. का? आठवा पट्टा बिघडू नये म्हणून. दीर तेव्हा दुकानात होते. शिवाय त्यांना कोबा बिघडवायचाच असता तर त्यांनी फाटकाशी सगळ्यांना दिसणारा आठवा आधी बिघडवला असता."

"अर्थात!" दीर म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली.

"शेजारीणबाई स्वतःची कोथिंबीर बुडवणार नाहीत. ज्यानं हे केलं त्याला एकच पट्टा बिघडवायचा होता. तोही मागचा, कुणी न जाणारा. बाकीचं काम त्यानं जपलं. हे वैऱ्याचं काम नाही. ज्याला कोब्याची माया आहे त्याचं हे काम आहे."

कोबेवालीचा चेहरा बदलू लागला होता.

"साडेतीनला मिक्सर बंद होता. कोबेवाली सहाव्यावर थापी मारत होती, तिची ठाकठोक ऐकू येत होती. मग पिंपाशी कोण होतं? ज्यानं मला सांगितलं की मी थेंब वाया घालवत नाही, तो. मंगळवारी आणलेली साखर ज्याच्या घरातून संपली, तो. आणि पाच तास घाटात अडकलेल्या ट्रकातला माल घट्ट होऊ न देणं ज्याला जमलं होतं, तो. तेव्हाही साखरच टाकली होती ना तुम्ही?"

नवरा सहाव्या पट्ट्याकडं बघत होता.

"चूकही तिथंच झाली. ट्रकात पोत्यांचा ढीग असतो, त्याला दोन-तीन किलो साखर पुरते. इथं तीन पोत्यांचा पट्टा. तुमच्या हाताला ट्रकाची सवय, साखर जास्त पडली. तुम्हाला तो एक दिवस उशिरा व्हायला हवा होता. म्हणून तर गुरुवारी तुम्ही इतक्या खात्रीनं 'उद्या होईल' म्हणालात. झाला नाही तेव्हा तुमचाच चेहरा उतरला."

बाईंनी चष्मा काढला आणि मिस्टरांनी कधी पाहिलं नव्हतं तशा त्या अडखळल्या.

"पण एक मला कळलेलं नाही. का? तिचं काम तेच तुमचं काम. तिचं नाव झालं तर भाकरी दोघांची. स्वतःच्या घरावर असा धोंडा कोण पाडतं? हे काही माझ्या हिशोबात बसत नाही."

आणि तेव्हा मिस्टरांना कळलं की आपल्याला ते माहीत आहे. बाईंना माहीत नसलेलं आणि आपल्याला माहीत असलेलं असं आयुष्यात पहिलंच. त्यांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"मी सांगतो," ते म्हणाले.

बाईंनी वळून पाहिलं.

"यांनीच तिला थापी धरायला शिकवलं," मिस्टर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "सुरुवातीला ती दर पट्ट्याला विचारायची, असं बरोबर आहे का, ढाळ पुरेसा आहे का. मग विचारणं कमी झालं. मग बंद झालं. लोक येतात ते तिच्याकडं. यांना म्हणतात, ताई आहेत का घरात? फोटोत यांचा खांदा येतो. यांना तिचं वाईट व्हावं असं नव्हतं. तिचं एकदाच, एवढंसंच चुकावं आणि तिनं घाबरून यांच्याकडं यावं, एवढंच हवं होतं. मग हे म्हणणार, घाबरू नकोस, उद्या होईल. आणि उद्या झालं असतं. तिला वाटलं असतं, यांनाच कळतं बुवा. एवढ्यासाठी माणूस किलोभर साखर ओततो." ते थांबले. "याला मत्सर म्हणतात. बायकोचा करता येत नाही असं लोकांना वाटतं. येतो."

कोबेवाली नवऱ्याकडं बघत होती. तिनं ओरडावं असं सगळ्यांना वाटत होतं. ती हळू बोलली.

"खरं आहे हे?"

त्यानं मान डोलावली.

"पट्ट्याचं जाऊ दे. पट्टा मी फोडून पुन्हा घालीन. तीन रात्री मी तुमच्या उशाशी बसून विचारत होते, काय चुकलं हो माझं? तुम्ही म्हणालात, तुझा हात जड झाला असेल. काल म्हातारी पडल्यावर मी रडले. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. तेव्हा तरी सांगायचं होतं."

"सांगणार होतो," नवरा म्हणाला. "गुरुवारीच सांगणार होतो. पण तू मला विचारत होतीस. कामातलं. आठ वर्षांनी. सांगितलं असतं तर संपलं असतं ते."

शेजारीण स्टुलावरून खाली उतरली.

डॉक्टरीणबाईंनी घसा साफ केला. "मी तुम्हाला चोर म्हणाले," त्या कोबेवालीला म्हणाल्या. "माझं चुकलं. उद्या अकराला दवाखान्यात या. काम तुम्हालाच मिळेल, मी बघते. पण पाण्याच्या पिंपावर कोण असेल ते मला आधी कळलं पाहिजे."

"दुसरा माणूस असेल," कोबेवाली म्हणाली.

"आणि मी?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही घरी राहायचं. पुढं काय ते मी आत्ता सांगू शकत नाही." एवढं बोलून तिनं गोणपाट उचललं, झटकलं आणि पट्टा नीट झाकला. नवरा दुसरं टोक धरायला वाकला. तिनं तेही टोक त्याच्या हातातून काढून घेतलं.

*

बाई आणि मिस्टर घरी निघाले. संध्याकाळचं ऊन रस्त्यावर तिरपं पडलं होतं आणि दुकानदार पायऱ्या झाडत होते.

"आज केस तुम्ही सोडवलीत," बाई म्हणाल्या.

"अर्धी."

"मला न येणारी अर्धी." मग त्या थांबल्या. फुटपाथच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वळसा घालायला लावत. "अहो, खरं सांगा. तुम्ही माझं काय बिघडवलंय?"

मिस्टरांना 'काही नाही' म्हणता आलं असतं. पण समोर कोण उभं आहे ते त्यांना माहीत होतं. आणि पट्टा झाकणारे ते दोन हात अजून डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

"गेल्या महिन्यात फोन आला होता," ते म्हणाले. "तू आंघोळीला गेली होतीस. तपास शिकवणारी कुठलीशी मोठी संस्था. तू तिथं येऊन शिकवशील का विचारत होते. सहा महिने. राहायची सोय त्यांची."

"मग?"

"मी म्हणालो, राँग नंबर."

बाईंचा चेहरा उतरला. मिस्टरांनी आयुष्यात तो इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, आता ही ओरडेल. तिनं ओरडायला हवं होतं.

"त्यांचा नंबर?"

मिस्टरांनी तो सांगितला. दहाही आकडे, न अडखळता. महिनाभर रोज तो डोक्यात घोळत होता.

बाईंनी तिथंच उभं राहून फोन लावला. पलीकडून कुणी उचलला. बाई आपलं नाव-काम सांगत होत्या, हसत होत्या, माफी मागत होत्या. मिस्टर दोन पावलं मागं उभे होते.

"नाही, नाही," बाई फोनवर म्हणाल्या, "आमच्या मिस्टरांनी निरोप दिला होता हो. मीच कामाच्या गडबडीत विसरले. चूक माझी."

मिस्टरांना तिथंच रस्त्यावर बसावंसं वाटलं. तिनं खरं सांगितलं असतं तर त्यांना ते सोसलं असतं.